आम्ही काय मानतो आणि हे काम कशासाठी करतो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीतून बायबलचे मनन, अभ्यास आणि प्रार्थना यांचे काम करणाऱ्या आमच्या छोट्या ख्रिस्ती गटाकडे येणाऱ्या पत्रांत आणि व्हॉट्सॲपवरच्या संदेशांत काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही कुतूहलाने विचारलेले असतात, काही रागाने, काही रात्री दोन वाजता झोप येत नाही म्हणून. त्यांची उत्तरे इथे एकत्र लिहिली आहेत. पत्रांना उत्तरे देण्याचे काम माझ्याकडे आहे, म्हणून मधूनमधून 'आम्ही'च्या जागी 'मी' येईल.

तुम्ही नेमके कोण आहात?

अहिल्यानगर, पुणे आणि वसई इथली आम्ही आठ माणसे. दोन पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, एक निवृत्त शिक्षिका, एक परिचारिका, छपाईच्या धंद्यातले एक गृहस्थ, बाकीचे नोकरदार. पूर्णवेळ या कामावर कुणीच नाही. सकाळी सहाला सात-आठ मिनिटांचे वचन-मनन व्हॉट्सॲपवर जाते, बुधवारी रात्री साडेआठला शास्त्राभ्यास असतो आणि आठवडाभरात आलेल्या प्रार्थनेच्या विनंत्या आम्ही शनिवारी एकत्र बसून वाचतो.

म्हणजे ही ऑनलाइन मंडळी आहे? तुमच्यात आलो तर चर्चला जायची गरज नाही ना?

गरज आहे, आणि आमचा सगळा आटापिटा त्यासाठीच आहे. मंडळी म्हणजे एकमेकांना चेहऱ्याने ओळखणारी माणसे. घरात मयत झाली तर रात्री-अपरात्री धावून येणारी, लग्नात पंगतीला वाढायला उभी राहणारी, दोन रविवार उपासनेला दिसला नाहीत तर घरी येऊन 'बरं आहे ना?' म्हणून विचारणारी. मोबाइलवरून खांदा देता येत नाही.

म्हणून तुम्ही लिहिलेत की आम्ही आधी गाव आणि तालुका विचारतो. जवळपास कोणती मंडळी आहे, पाळक कोण आहेत, हे शोधतो, त्यांच्याशी बोलतो आणि तुमची तयारी असेल तरच तुमचा नंबर त्यांना देतो. पहिल्या रविवारी फाटकापाशी कुणीतरी तुमची वाट पाहत उभे असावे, एवढे बघतो. अनोळखी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, एकट्याने शिरायला किती जड जाते, हे आमच्यातल्या दोघांनी स्वतः अनुभवले आहे.

नाशिक जिल्ह्यातला एक तरुण सहा महिने एकही बुधवार चुकवत नव्हता. मग तो यायचा बंद झाला. काळजी वाटून मी फोन केला, तर म्हणाला, "दादा, आमच्या इथल्या मंडळीची प्रार्थनासभा पण बुधवारीच असते. तिकडे जातो आता." त्या रात्री आम्ही देवाचे मनापासून आभार मानले.

मग हे काम हवे कशाला? चर्च आहेतच की.

जवळ चर्च असूनही जिथे पाऊल टाकता येत नाही, अशी माणसे पुष्कळ आहेत. कुवेतमध्ये रात्रपाळी करणारी परिचारिका. बंगळुरूला नोकरीला गेलेला मुलगा, ज्याला इंग्रजी उपासना समजते पण प्रार्थना मात्र मराठीतच सुचते. आजारी सासूला सोडून तासभरही बाहेर पडता न येणारी सून. आणि येशूबद्दल वाचायची इच्छा आहे पण घरात हा विषय काढण्याची सोय नाही, असे तर कितीतरी. त्यांना मराठीत, न घाबरता, प्रश्न विचारायला एक जागा हवी. ती जागा द्यायची आणि पुढची वाट दाखवायची, हा आमचा उद्देश.

आमच्या जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. १८४२ साली अहमदनगरहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरहून, 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक निघू लागले. जिथे उपदेशक पोचत नव्हता तिथे छापील कागद पोचायचा. आज कागदाच्या जागी मोबाइल आला आहे.

तुमचा विश्वास थोडक्यात सांगाल का?

जो विश्वास जगभरच्या मंडळ्या शतकानुशतके कबूल करत आल्या, तोच. आम्ही नवे काही काढलेले नाही आणि 'आम्हाला खास दर्शन झाले' असा आमचा दावा नाही. ३२५ साली निकिया इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझ्निक गावी, जमलेल्या धर्मसभेने जी कबुली दिली ती आम्ही मनापासून मानतो. प्रेषितांचा विश्वासांगीकार ही श्रद्धेची छोटी, जुनी कबुली तर आमच्यापैकी बहुतेकांना लहानपणापासून तोंडपाठ आहे.

आकाश आणि पृथ्वी निर्माण करणारा एकच देव आहे. त्याचा पुत्र येशू ख्रिस्त मरियेच्या पोटी माणूस म्हणून जन्मला, आपल्या पापांसाठी वधस्तंभावर मेला, पुरला गेला आणि तिसऱ्या दिवशी मेलेल्यांतून उठला. पवित्र आत्मा आज माणसाच्या मनात काम करतो, त्याला बदलतो. ख्रिस्त पुन्हा येणार आहे. त्या येण्याची तारीख सांगणारे व्हिडिओ कृपया आम्हाला पाठवू नका. तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही, असे खुद्द येशूने सांगितल्यावर आकडेमोड करण्यात अर्थ उरत नाही.

पिता, पुत्र, पवित्र आत्मा म्हणजे तीन देव झाले ना? की दत्तात्रेयांसारखे तीन मिळून एक?

हा प्रश्न मराठी माणूसच विचारू शकतो, आणि तो मला फार प्रामाणिक वाटतो. दत्ताची मूर्ती पाहत वाढलेल्या मनाला 'त्रैक्य' शब्द ऐकल्यावर तीच आठवण होणार. पण दोन्हींचा उगम वेगळा आहे, म्हणून एकावरून दुसरे समजावून घेऊ नये. देव एकच आहे. बायबलच्या जुन्या करारात, म्हणजे येशूच्या आधीच्या भागात, हे जितके ठासून सांगितले आहे, तितकेच नव्या करारातही.

आमच्या रविवारच्या शाळेत बर्फ, पाणी आणि वाफेचा दाखला देत असत. मीही तो कित्येक वर्षे देत होतो, आता देत नाही. कारण त्यात तेच पाणी एकदा बर्फ होते, एकदा वाफ, जणू एकच नट वेष बदलून येतो. मार्काच्या शुभवर्तमानात, म्हणजे नव्या करारातल्या येशूच्या एका चरित्रात, पहिल्या अध्यायात येशूचा बाप्तिस्मा वाचा : पुत्र यार्देन नदीच्या पाण्यातून वर येतो आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतो आहे आणि पित्याची वाणी ऐकू येते आहे. तिघे एकाच क्षणी, एकमेकांसमोर, प्रेमाने बोलत. देवाच्या स्वतःच्या असण्यातच प्रीती आहे, ती अशी. हे डोक्यात पूर्ण मावत नाही हे खरे, पण या देवाला हाक मारता येते.

तारण कसे होते? चांगली कर्मे पुरत नाहीत का?

चांगली कर्मे हवीतच. पण ती तारणाची किंमत होऊ शकत नाहीत. तारण कृपेने मिळते, विश्वासाने घ्यायचे असते. नव्या करारात प्रेषित पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हे स्पष्ट लिहिले आहे.

आपल्याकडे नवस बोलायची आणि फेडायची सवय इतकी खोल आहे, की पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरांतूनही पत्रे येतात : "प्रार्थना ऐकली गेली तर किती अर्पण द्यायचे?" काहीच नाही. देवाशी व्यवहार नसतो.

लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात घर सोडून गेलेल्या मुलाची गोष्ट आहे. ती मला वाचून पाठ झाली होती, तरी एक बारकावा फार उशिरा लक्षात आला. डुकरे राखताना तो मुलगा मनाशी बोलणे ठरवतो : मी पाप केले, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला एखाद्या गड्यासारखे ठेवा. परत आल्यावर तो बोलू लागतो, पहिली दोन वाक्ये म्हणतो, आणि 'गड्यासारखे ठेवा' हे वाक्य त्याच्या तोंडून बाहेरच पडत नाही. बाप आधीच चाकरांना उत्तम झगा आणायला सांगत असतो. आणि हा बाप धावत आला आहे. गावातला प्रतिष्ठित म्हातारा, धोतराचा सोगा हातात धरून, भररस्त्यात धावतो आहे, असे चित्र डोळ्यांसमोर आणा. कृपा या शब्दाचा याहून चांगला अर्थ मला सांगता येणार नाही.

येशू हाच मार्ग म्हणता, मग इतर धर्मांच्या लोकांना तुच्छ लेखता का?

येशू हाच मार्ग आहे असे आम्ही मानतो आणि ते लपवत नाही. पण कुणाच्या श्रद्धेची टवाळी करणे, देवी-देवतांबद्दल वाईट बोलणे आमच्याकडे चालत नाही. असा मजकूर गटावर आला तर काढून टाकतो. कवी नारायण वामन टिळक म्हणत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. ज्या पुलावरून माणूस आला त्यावर तो दगड मारत नाही.

तुम्ही धर्मांतर करवता का? नाव, जात, दाखला यांचे काय होते?

आम्ही कुणाचा बाप्तिस्मा करत नाही. पैसे, नोकरी, शाळेतला प्रवेश, लग्न यांपैकी कशाचेही आमिष देत नाही, भीती घालत नाही. घटनेच्या २५व्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचा हक्क दिला आहे. प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितले. आम्हाला त्यात अडचण वाटत नाही. मन वळवणे हे आत्म्याचे काम आहे, आम्ही फक्त जे ऐकले ते सांगतो.

नाव बदलावे लागत नाही. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, ते नारायण वामनच राहिले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लक्ष्मीबाईच राहिल्या.

जातीच्या दाखल्याचा प्रश्न मात्र गंभीर आहे आणि कुणी तो तुमच्यापासून लपवत असेल तर ते चूक आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना मिळतो. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आलेले नाहीत. दलित ख्रिस्ती बांधव त्यासाठी वर्षानुवर्षे दाद मागत आहेत. म्हणून निर्णय घेण्याआधी घरच्यांशी आणि जाणकार वकिलाशी बोला. घाई करू नका. घाई करा असे सांगणाऱ्याचे तर मुळीच ऐकू नका.

तुम्ही कॅथलिक की प्रोटेस्टंट?

आमच्यातले सहा जण प्रोटेस्टंट परंपरेतले आहेत, वसईचे दोघे कॅथलिक. शास्त्राभ्यास सगळे मिळून करतो. मतभेद आहेत : त्यांच्या बायबलमध्ये ७३ पुस्तके, आमच्यात ६६. मरियेबद्दल, पोपच्या अधिकाराबद्दल एकमत नाही. तुम्ही विचाराल तेव्हा दोन्ही बाजू प्रामाणिकपणे सांगू. १९७० साली नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या आपापली नावे सोडून एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. एकमेकांशी न भांडता बसता येते याचा तो आमच्या जवळचा दाखला.

बायबलचे कोणते भाषांतर वापरता?

बायबल सोसायटीचे, कारण ते बहुतेक घरांत आहे. जोडीला वेगळी भाषांतरेही वाचतो. मराठी नवा करार पहिल्यांदा १८११ मध्ये बंगालमधल्या सेरामपूरला छापला गेला, आणि तेव्हापासून भाषा सोपी करण्याचे प्रयत्न थांबलेले नाहीत.

त्यात पंडिता रमाबाईंचे काम मला सर्वांत हलवून टाकते. पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो निराधार बायका-मुलींचा संसार चालवताना त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणले. तिथल्या बायकांनीच ते छापण्याचे काम केले. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. "बायकांनी वचन सांगितलेले चालते का?" असे कुणी विचारले की मी केडगावचे नाव घेतो. आमच्याकडे गुरुवारचे आणि शनिवारचे मनन निवृत्त शिक्षिकाबाई करतात.

घरी बसून, मोबाइलसमोर प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत घ्यायची भाकर आणि द्राक्षरस) घेतले तर चालेल का?

हा प्रश्न २०२० साली आमच्याच घरात उभा राहिला. १२ एप्रिलला पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर होता आणि देवळाला कुलूप होते. आईने सकाळीच न्हाऊन पांढरी साडी नेसली. फोन पितळी तांब्याला टेकवून उभा केला, त्याखाली क्रोशाचा रुमाल घातला. उपासना सुरू झाल्यावर पदर डोक्यावर घेतला आणि आशीर्वचनाच्या वेळी गुडघे दुखत असतानाही भिंतीला धरून उभी राहिली. नेटवर्क गेले, चित्र अडकले, पाळकांचा हात वर तसाच थांबला. आई मान खाली घालून तशीच उभी. चित्र पुन्हा हलू लागले तेव्हा ती बसली.

मग तिने विचारले, "भाकर आणि द्राक्षरस आपणच घ्यायचा का?" मी पाळकांना फोन केला. ते म्हणाले, "थांबू या. इस्राएल लोक चाळीस वर्षे रानात थांबले. आपण काही महिने थांबू. भेटल्यावर एका भाकरीतून खाऊ." आई थांबली. देऊळ उघडले त्या रविवारी तिच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला गेला, तेव्हा ती किती तरी वेळ तो नुसता बघत होती.

काही मंडळ्या घरी घेतलेले प्रभुभोजन मान्य करतात, काही करत नाहीत. आम्ही इतरांना दोष देत नाही. पण आमच्याकडून ऑनलाइन प्रभुभोजन होणार नाही. प्रभुभोजन एकमेकांच्या हातून घ्यायचे असते, असे आम्हाला वाटते. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पाळक घरी येतात. तशी गरज असेल तर कळवा, आम्ही तुमच्या जवळच्या पाळकांना सांगू.

प्रार्थनेची विनंती पाठवली की पुढे काय होते?

ती एका जाड वहीत हाताने उतरवली जाते. फक्त पहिले नाव किंवा तुम्ही सांगाल ते टोपणनाव. शनिवारी आम्ही प्रत्येक विनंती वाचून प्रार्थना करतो. ती गटावर टाकत नाही, साक्ष म्हणून, म्हणजे इतरांना सांगायचा अनुभव म्हणून, वापरत नाही. महिन्याने आमच्यातले कुणीतरी तुम्हाला विचारते, "कसे आहात?" कुणाच्या जिवाला धोका आहे, मारहाण होते आहे किंवा जीव द्यायचे विचार येत आहेत असे दिसले, तर शनिवारची वाट पाहत नाही. त्याच क्षणी फोन करतो आणि पोलीस, डॉक्टर, नातेवाईक यांच्यापर्यंत पोचायला मदत करतो.

प्रार्थनेने आजार बरा होतो का? औषधे बंद करू का?

औषधे बंद करू नका. देव बरे करतो असे आम्ही मानतो, रोज त्यासाठी प्रार्थना करतो. पण एका सभेत 'विश्वास असेल तर सुई सोडा' असे ऐकून आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी इन्सुलिन सोडले आणि त्यांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्यांच्या बायकोने मला फोनवर एवढेच विचारले, "आमचा विश्वास कमी पडला का हो?" त्या माउलीच्या मनात हा प्रश्न ज्यांनी रुजवला त्यांना देवापुढे जाब द्यावा लागेल.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती सेवेची परंपरा वेगळी आहे. मिरजेला डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी रुग्णालय उभे केले. आमच्याच जिल्ह्यात जामखेडला डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या, अनेकदा निरक्षर बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले, आणि त्या बायकांनी गावेच्या गावे निरोगी केली. या सगळ्यांनी प्रार्थनाही केली आणि नाडीही पाहिली. चमत्काराच्या नावाखाली लोकांना फसवणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तो कायदा असावा याचा आम्हाला आनंदच आहे.

पैसे किती द्यायचे? दशमांश तुम्हाला पाठवू का?

नको. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, तुमच्या मंडळीचा आहे. आमचा खर्च म्हणजे एक माइक, इंटरनेट आणि वह्या. तो आम्ही आपसांत भागवतो. परदेशातून पैसे घेत नाही. 'स्पेशल प्रेयर', तेल, रुमाल, पाणी असे काहीही विकत नाही. आमच्या नावाने कुणी क्यूआर कोड पाठवला किंवा ओटीपी मागितला तर तो माणूस आमचा नाही, असे पक्के समजा आणि १९३० या नंबरवर तक्रार करा. असा प्रकार एकदा घडला आहे. एका आजीने आपल्या पेन्शनमधले पैसे पाठवले होते, ते परत मिळाले नाहीत.

सगळे मराठीतच का? मुले तर इंग्रजी शाळेत जातात.

कारण प्रभूची प्रार्थना आम्ही 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' अशीच शिकलो. इंग्लंडमधून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी चारशे वर्षांपूर्वी गोव्यात बसून ख्रिस्ताची कथा जवळपास अकरा हजार ओव्यांत रचली आणि मराठी भाषेला रत्नांमधला हिरा म्हटले. परक्या देशातून आलेल्या माणसाला तिचे एवढे प्रेम वाटले. २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, हेही मुलांना जरूर सांगा. ख्रिस्ती असणे म्हणजे मराठीपण सोडणे, हा समज त्यांच्या मनात राहू देऊ नका.

मला अजून काही ठरवायचे नाही. फक्त वाचून पाहायचे आहे. कुठून सुरू करू?

मार्कापासून. सोळाच अध्याय आहेत, चार शुभवर्तमानांतले सर्वांत लहान. बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरू करणारे बरेच जण लेवीय या तिसऱ्या पुस्तकापाशी थांबतात, असा आमचा अनुभव आहे. शक्य असेल तर मोठ्याने वाचा, स्वतःला ऐकू येईल असे. चौथ्या अध्यायाच्या शेवटी समुद्रावर वादळ सुटते, लाटा होडीत शिरतात, शिष्य जिवाच्या आकांताने ओरडत असतात, आणि येशू होडीच्या मागच्या भागात झोपलेला असतो. ही गोष्ट मत्तय आणि लूकही सांगतात, पण त्याच्या डोक्याखाली उशी होती हे फक्त मार्क सांगतो. तिथे थोडे थांबा. मग शिष्य त्याला काय विचारतात ते वाचा, आणि तुमचाही तोच प्रश्न असेल तर आम्हाला लिहा.